‘बफेलो सोल्जर’, गवा आणि बारगीर

लेखणी: अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात फोर्ट बेयार्ड हे १८६६ मध्ये स्थापन झालेले आणि पुढे क्षयरोग्यांचे रुग्णालय बनलेले जुने लष्करी ठाणे आहे. तेथे ‘बफेलो सोल्जर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकांचे स्मारक असून, १८७७ च्या जानेवारीत अपाची या मूलनिवासी जमातीच्या योद्ध्यांशी झालेल्या हातघाईबद्दल मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारा, ९ व्या घोडदळातील कॉर्पोरल क्लिंटन ग्रीव्ह्ज याचा पुतळा आहे. लेखाच्या खर्ड्यात मी ‘म्हैस-सैनिकांतील शूर शिलेदार’ असे लिहिले, तेव्हा मामांनी ‘हे लोक दूध घालत असत काय?’ असे विचारले. योग्य शब्द कोणता?

दाजीपूरकर: अमेरिकेतला ‘बफेलो’ म्हणजे खरे तर बायसन, तिकडचा केसाळ रानबैल. आमच्या रानातल्या गव्यालाही शिकारी लोक बायसनच म्हणत आले आहेत, तेव्हा ‘गवासैनिक’ लिहावे.

खर्डेघाशा: गव्याची कांती आखूड केसांची व तुळतुळीत असते. नावाच्या उगमाविषयी मतभेद आहेत, परंतु या सैनिकांचे कुरळे केस मूलनिवासींना बायसनच्या आयाळीसारखे वाटले, ही एक प्रसिद्ध उपपत्ती आहे आणि ‘गवा’ म्हटल्याबरोबर नेमकी तीच नाहीशी होते. विशेषनाम आहे तसेच ठेवावे. पेशव्यांच्या खाशा फौजेचे नाव ‘हुजुरात’, त्या शब्दाचे भाषांतर आपण कोणाला करू देऊ काय?

शुद्धमती: परका शब्द उचलून ठेवणे हा आळस आहे. ‘रानरेडा-स्वार’ काय वाईट?

खर्डेघाशा: मराठीत रेडा म्हटले की एक तर यमाचे वाहन आठवते, नाही तर ज्ञानदेवांनी वेद वदवलेला रेडा. शिवाय सगळेच स्वार नव्हते. २४ वी आणि २५ वी या पायदळाच्या पलटणी होत्या.

पागेवाला: मला ‘शिलेदार’ अधिक खटकतो. स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतला घोडा मिळणारा तो बारगीर. ग्रीव्ह्जच्या पलटणीला घोडे सरकार पुरवीत असे, म्हणून तो बारगीरच ठरतो.

दाजीपूरकर: पक्षाचे शिलेदार, संघाचे शिलेदार असे वर्तमानपत्रांत रोज छापून येते, त्यांतल्या कोणाकडे घोडा असतो? ‘बारगीर’ हे तर आमच्याकडे पुष्कळांना केवळ आडनाव म्हणून ठाऊक आहे.

शुद्धमती: निदान ‘शिलेदार’ आपला आहे. शिळेसारखा अढळ, तो शिलेदार.

पागेवाला: क्षमा असावी, शिळेचा येथे काही संबंध नाही. अरबी ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र आणि त्याला जोडलेला फारसी ‘दार’.

लेखणी: माझा प्रश्न बफेलोविषयी होता.

दाजीपूरकर: होय, परंतु पागेवाले, शब्दात नुसतेच शस्त्र असेल, तर त्यातला घोडा आपण कोठून आणलात?