एकाच वेळी लावलेली दोन घड्याळे कालांतराने वेगवेगळी वेळ का दाखवतात?

संथकाटा:
घरात सेलवर चालणारी दोन भिंतीवरची घड्याळे आहेत. चार महिन्यांपूर्वी दोन्हींत नवे सेल घातले आणि मोबाइलवरील वेळेशी सेकंदापर्यंत जुळवून ती लावली. काल पाहिले तेव्हा एक घड्याळ दीड मिनिट मागे होते आणि दुसरे सुमारे वीस सेकंद पुढे होते. मागे पडणारे घड्याळ दुरुस्तीला नेले असता ‘सेल उतरला असेल’ एवढेच सांगून नवा सेल घालून मिळाला. मला हे पटलेले नाही, कारण सेल उतरल्याने घड्याळ मागे पडते असे मानले, तरी त्याच दिवशी तसाच सेल घातलेले दुसरे घड्याळ पुढे कसे गेले? अशा घड्याळांप्रमाणे मोबाइलमध्येही वेळ मोजायला क्वार्ट्झ हा स्फटिकच असतो असे वाचले आहे, मग त्याची वेळ कशी चुकत नाही? जाणकारांनी खुलासा करावा.

दंतचक्र:
आपली शंका रास्त आहे. या फरकात सेलचा दोष नसावा.

अशा घड्याळात काडेपेटीतील काडीहूनही आखूड अशा धातूच्या नळीत क्वार्ट्झचा एक इवलासा नादकाटा (ठोकल्यावर ठरावीक गतीने थरथरणारा दुपाखी चिमटा) बंद केलेला असतो. क्वार्ट्झवर दाब दिला की त्यात वीज निर्माण होते, हे जाक आणि पिअर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. याच्या उलट, विजेचा दाब दिला की तो किंचित वाकतो. या गुणामुळे तो नादकाटा सेलच्या विजेवर सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरत राहतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याला लागोपाठ पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक उरतो, आणि निम्मे करणे हे इलेक्ट्रॉनिक मंडलाला सर्वांत सोपे जाणारे काम आहे. यातून सेकंदाला एक स्पंद मिळतो, तो बारीक तारेच्या वेटोळ्यात जातो, आतला चुंबक अर्धा फेरा फिरतो आणि दाते असलेली चाके सेकंदकाटा एक घर पुढे ढकलतात.

आता खरा मुद्दा. कारखान्यात नादकाट्याच्या टोकांवर धातूचा पातळ थर देतात आणि लेझरने तो कणाकणाने उडवून वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या थरथरींची संख्या, जुळवतात, तरीही साधारण दर्जाच्या स्फटिकात दहा लाखांत वीसपर्यंतची चूक चालवून घेतली जाते. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यामुळे दहा लाखांत वीस म्हणजे दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळजवळ पाऊण ते एक मिनिट. आपल्या घड्याळाचे दीड मिनिट चार महिन्यांत विभागले, तर चूक दहा लाखांत नऊच्या आसपास येते, आणि पुढे जाणाऱ्या घड्याळाची तर दोनच्या आसपास. दोन्ही घड्याळे धडधाकट आहेत; एकाचा स्फटिक किंचित संथ निघाला आणि दुसऱ्याचा किंचित चपळ, इतकेच. मला विचाराल तर एवढ्या स्वस्त वस्तूकडून इतका नेमकेपणा मिळतो, हेच अधिक नवलाचे आहे.

जुनीचावी:
वरील उत्तरात तापमानाचा उल्लेख राहिला. लंबकाच्या घड्याळात उन्हाळ्यात दांडी लांबते आणि घड्याळ मागे पडते, थंडीत ती आखडते आणि घड्याळ पुढे जाते. क्वार्ट्झचेही तसेच असणार. दोन खोल्यांतील उष्णतेत फरक असेल, तर हेच कारण पुरेसे नाही का?

दंतचक्र:
तापमानाचा परिणाम होतो, पण तो लंबकासारखा होत नाही. नादकाट्याच्या आकाराचा स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वांत वेगाने थरथरेल अशा बेताने कापलेला असतो, आणि तिथून उष्णता वाढो वा घटो, दोन्हीकडे तो मंदच होतो. शिवाय ही मंदी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: दहा अंशांचा फरक पडला तर दहा लाखांत साडेतीनच्या आसपास, वीस अंशांचा पडला तर त्याच्या चौपट. म्हणजे ३५ अंशांच्या खोलीत घड्याळ महिन्याला नऊ-दहा सेकंद गमावील, आणि १५ अंशांच्या खोलीतही तितकेच गमावील. थंडीमुळे ते पुढे मात्र जाणार नाही. मनगटी घड्याळ अंगाच्या उबेमुळे बऱ्याच अंशी एकाच तापमानात राहते, म्हणून भिंतीवरच्या घड्याळापेक्षा ते पुष्कळदा सरस ठरते. तेच रोज रात्री काढून गार टेबलावर ठेवले, तर हा लाभ काही अंशी जातो.

मोबाइलविषयी सांगायचे तर त्यातील स्फटिक काही वेगळ्या जातीचा नसतो. मोबाइल वरचेवर नेटवर्ककडून किंवा उपग्रहांकडून वेळ विचारून घेतो, आणि ती वेळ शेवटी अणुघड्याळांवरून येते. सेकंदाची व्याख्याच १९६७ पासून सिझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांवर बांधलेली आहे. म्हणजे मोबाइल चुकत नाही असे नाही. चुकतो आणि लगेच दुरुस्त केला जातो. नेटवर्कविना बरेच महिने पडून राहिलेला लॅपटॉप सुरू केल्यास त्याचे घड्याळही असेच सरकलेले आढळते.

संथकाटा:
मनःपूर्वक आभार. मग सेल उतरल्याचा काहीच परिणाम होत नाही का? गेल्या वर्षी याच घड्याळाचा सेकंदकाटा नऊच्या आकड्यापाशी अडकून जागच्या जागी उडत होता, आणि सेल बदलल्यावर ते नीट चालू लागले.

तारेचेवेटोळे:
परिणाम होतो, पण शेवटी शेवटी आणि अगदी वेगळ्या रीतीने. सेलचा दाब थोडा घटला तरी स्फटिकाच्या गतीत नाव घेण्यासारखा फरक पडत नाही; दमते ते काटे हलवणारे वेटोळे. काटा नऊवर आडवा असताना त्याचे वजन आसापासून सर्वांत दूर असते आणि त्याला वर उचलायचे असते, म्हणून सर्वाधिक जोर तिथेच लागतो. तीनवरही तो आडवाच असतो, पण तिथे तो उतरणीला लागलेला असल्याने त्याचे वजन उलट मदतच करते.

आणखी एक गंमत आहे. चुंबकाला पुढे सरकण्यासाठी प्रत्येक स्पंद आधीच्या स्पंदाच्या उलट दिशेचा लागतो. एक स्पंद वाया गेला की चुंबक जुन्याच जागी राहतो, आणि पुढचा स्पंद त्याला त्याच जागी धरून ठेवतो. त्यामुळे एका चुकीची किंमत दोन सेकंद होते. म्हणून ओळखण्याची खूण सोपी आहे: दर महिन्याला सारखाच फरक पडत असेल तर तो स्फटिकाचा स्वभाव, बरेच महिने ठीक चालून एकाएकी मिनिटेच्या मिनिटे हरवू लागली, तर सेल किंवा चाकांत साचलेली धूळ.

जुनीचावी:
माझा समज चुकीचा होता हे मान्य करतो. ओव्हनवरील घड्याळ मात्र या हिशेबात बसत नाही. पुष्कळ ओव्हनमध्ये वीजपुरवठ्याच्या आवर्तनांवरच वेळ मोजली जाते. २०१८ च्या जानेवारी ते मार्चमध्ये सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यातील वीजवादामुळे युरोपातील मोठ्या जाळ्याची सरासरी वारंवारता ५० ऐवजी ४९.९९६ हर्ट्झ (सेकंदाला आवर्तने) राहिली, आणि अनेक देशांतील अशी घड्याळे जवळपास सहा मिनिटे मागे पडली. ती सेलवर असती, तर त्यांना या वादाचा पत्ताही लागला नसता.

संथकाटा:
दुरुस्तीहून आलेले घड्याळ पुन्हा सेकंदापर्यंत लावले आहे. त्यात सेल नवा आणि स्फटिक जुनाच असल्याने, दंतचक्र यांचा हिशेब बरोबर असेल तर महिनाभरात ते बावीस-तेवीस सेकंद मागे पडायला हवे. महिन्यानंतर येथेच आकडा कळवतो.