सोसायटीच्या गणपतीत मुलाला झेनिगाता व्हायचंय, कोट-हॅट कुठे मिळेल? (बजेट ७००)

कोथरूडची_आई: नमस्कार, शनिवारी फॅन्सी ड्रेस आहे. लेक पाचवीत. मामेभावाने त्याला जपानी दिग्दर्शक मियाझाकीचा १९७९ चा कॅग्लिओस्ट्रोवाला कार्टून सिनेमा दाखवला तेव्हापासून डोक्यात एकच खूळ, बी विंगमधलं पोरगं त्यातला ल्युपिन चोर होणार पण ह्याला त्याच्या मागे बोंबलत धावणारा इन्स्पेक्टर झेनिगाता व्हायचंय. लांब ब्राऊन कोट, हॅट आणि बेड्या हव्यात. ७०० च्या वर जाणार नाही. ऑनलाइन नको, वेळेत येत नाही.

शनिवारपेठी: ऑनलाइनच घ्या. मी पुतण्यासाठी २४०० चा घेतला, अस्तर वगैरे एकदम झकास.

कोथरूडची_आई: दादा, ७००.

धायरीकर: जुना बाजार! बुधवार-रविवार भरतो, म्हणजे परवाच जा. मोठ्या माणसाचा कोट घ्या पण कापू नका, बाही आत दुमडून कच्चे टाके घाला, नंतर उसवता येतात. मला ६०० सांगितलेला ३५० ला दिला, अजून थंडीत सिंहगडावर तोच घालतो.

हौशी_नट: भाड्याने मिळतो पण आधी फोटो काढून ठेवा. आमचा काखेत आधीच उसवलेला होता, डिपॉझिटमधले ५०० कापले वर म्हणतो तुम्हीच ताणला. स्पर्धा होती लहान गटाची, ताणणार कोण?

शुद्धउच्चार: ल्युपिन नाही, ल्युपँ. मूळ फ्रेंच लेखक मोरिस लब्लांचा, १९०५. ह्या जपानी मंडळींचा हिरो त्याचा नातू. मूळ कथांत मागावर असतो इन्स्पेक्टर गानिमार, आणि पहिल्याच कथेत त्याने ल्युपँला बोटीवरून उतरताच पकडलंय. मुलाला गानिमार करा, निदान एकदा तरी जिंकलेला माणूस.

पर्वतीवासी: तेच म्हणणार होतो, कायम हरणारा पोलीस कशाला? चोर तर आयुष्यभर हातावर तुरी देतोय.

रात्रपाळी: हरतो कुठे? त्याच सिनेमात दोघं तळघरात अडकतात, तिथे खोट्या नोटांचा छापखाना सापडतो आणि तेवढ्यापुरती दोस्ती करतात. मला तर तोच खरा हिरो वाटतो. बरं मुद्द्याचं, कोटापेक्षा बेड्या महत्त्वाच्या. त्याचा पूर्वज झेनिगाता हेइजी नाणी फेकून चोर पकडायचा, हा दोरीला बांधलेल्या बेड्या फेकतो. दोरी नसेल तर नुसता कोटवाला माणूस दिसेल.

दोन_पोरांची_आई: ताई, लोखंडी बेड्या अजिबात घेऊ नका!! आमच्याने किल्ली हरवली, रात्री साडेनऊला त्याला तसाच स्कूटरवर मागे बसवून कुलूपवाला शोधत फिरलो, आणि त्याआधी आरतीला पोरगं दोन्ही हात जोडलेलेच ठेवून उभं, शेजारच्या काकू म्हणतात किती भाविक. प्लास्टिकच्या घ्या, खटका असतो.

बाजीराव_रोड: जुन्या बाजारात बघा, तिथे मिळेल.

धायरीकर: वरती तेच लिहिलंय की.

जुना_वाचक: आमच्या वेळी अर्णाळकरांच्या रहस्यकथांतले झुंजार, काळा पहाड होते. हल्लीच्या पोरांना जपानी लागतात. चालू द्या.

कोथरूडची_आई: सगळ्यांचे आभार, पण काहीच घेतलं नाही. माळ्यावर सासऱ्यांचा खाकी रेनकोट निघाला, डांबरगोळ्यांचा वास घमघमतोय. पार घोट्यापर्यंत आला, बाह्या मात्र दुमडल्या, टाक्यांऐवजी सेफ्टी पिना. ब्राऊन नाही खाकी आहे म्हटलं तर म्हणतो रात्री ब्राऊनच दिसतो. हॅट आजोबांची महाबळेश्वरची. बेड्या म्हणजे माझ्या दोन स्टीलच्या बांगड्या, सुतळीला बांधून. खर्च सुतळीचे १० रुपये.

आणि गंमत म्हणजे ल्युपिन होणारा बी विंगमधला मुलगा तापाने आलाच नाही. हा एकटाच स्टेजवर. दोन मिनिटं खुर्च्यांखाली वाकून शोधलं, मखराच्या पडद्यामागे जाऊन आला, सुतळी माइकच्या स्टँडला अडकली. परीक्षकांनी विचारलं, चोर कुठाय बाळा? तर घाम पुसत म्हणाला, आत्ता इथेच होता.

रात्रपाळी: पोरगं शंभर टक्के झेनिगाता आहे.

शनिवारपेठी: २४०० चा अजून आहे माझ्याकडे, पुढच्या वर्षी लागला तर सांगा.

शुद्धउच्चार: फोटो टाका. आणि ल्युपँ.