वरच्या कवळीच्या मागच्या कडेला फट राहते : मदत हवी आहे
नमस्कार. आम्ही नाशिकरोडला राहतो. आईची वरची नवी कवळी पुढे हिरडीवर नीट बसते, परंतु टाळूच्या मागच्या कडेला फट राहत असल्याने भाकरीचा घास चावताना ती खाली सुटते. उष्णतेने पक्के होणारे अ‍ॅक्रिलिकचे मिश्रण घट्ट होताना आकारमानाने सुमारे ७ टक्के आकसते आणि साचा घाईने थंड केल्यास उरलेल्या ताणामुळे कवळी किंचित वाकते. त्यामुळे दोष मापाचा नसून लॅबमधील घाईचा असावा, असे मला वाटते (अर्थात मी दंतवैद्य नाही). आतून नवा थर देऊन, म्हणजे रिलायनिंग करून भागेल, की आधीच पक्क्या केलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या चकतीतून यंत्राने कोरलेली कवळी नव्याने करून घ्यावी? नाशिकमध्ये कोणी असे काम करून घेतले असल्यास अनुभव व अंदाजे खर्च कृपया कळवावा.