परसातल्या अनोळखी सफरचंदाची जात कशी ओळखावी?

विषय: सफरचंदाच्या जुन्या झाडाची ओळख पटवण्यासाठी मदत हवी

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आमच्या घराच्या परसात सफरचंदाचे एक जुने झाड आहे. त्याची जात आधीच्या मालकांनाही ठाऊक नव्हती. फळ चांगले मोठे आणि किंचित चपटे असते. रंग हिरवा असून उन्हाकडच्या बाजूला त्यावर तुटक तांबूस रेघा उमटतात. चव इतकी आंबट की नुसते खाववत नाही. मोबाइलवरच्या एका ॲपला याच झाडाची छायाचित्रे दाखवली, तर त्याने दर खेपेस निराळे नाव सांगितले. झाडाच्या काही फांद्या वाळू लागल्या आहेत. झाड हातचे जाण्याआधी त्याचे कलम करून ठेवावे असे फार वाटते, आणि ते कशाचे हेही कळावे अशी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव शोधण्याआधी या झाडाला नाव असण्याचा संभव किती आहे, हे पाहावे. सफरचंदाचे बी पेरले तर मूळ झाडासारखे झाड येत नाही. बहुतेक जातींना फळ धरण्यासाठी दुसऱ्या जातीचे पराग लागतात, त्यामुळे प्रत्येक बी हा एक नवा संकर असतो आणि त्यातून वाढलेले झाड आपल्या रायवळ आंब्यासारखे एकमेव असते. नाव असलेली जात टिकते ती कलमानेच. म्हणून बुंध्याशी बसून जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतचे खोड नीट निरखा. कलमी झाडाला तेथे गाठीसारखा फुगवटा, किंचित बाक किंवा वरची आणि खालची साल वेगळी दाखवणारी रेघ सहसा सापडते. फार जुन्या झाडात ही खूण पुसट होते, तेव्हा ती दिसली नाही म्हणून लगेच निराश होऊ नये. कधी वरचे कलम मरून खालच्या खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याचे, फुटवेच मोठे होतात, मग फळे त्या खुंटाची असतात. कधी एकाच खोडावर दोन-तीन जाती बांधलेल्या असतात. त्यामुळे तपासणीची सर्व फळे एकाच फांदीवरची घ्यावीत.

रंगावर फार विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ऊन, रात्रीचा गारवा, झाडावरचा फळांचा भार, इतकेच काय पण फळ फांदीच्या आत होते की बाहेर, यावरही रंग आणि आकारमान बदलते. ॲपला छायाचित्रात नेमके हेच बदलणारे गुण दिसतात, म्हणून त्याची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. फळे निवडतानाही काळजी घ्यावी. पडीची फळे पुष्कळदा किडकी असून वेळेआधी पिकलेली असतात, ती वगळावीत. घोसातल्या मधल्या फुलाचे फळही घेऊ नये, कारण त्याचा देठ बऱ्याचदा आखूड, जाड आणि मांसल होतो व त्यामुळे दिशाभूल होते. तळहातावर फळ अलगद उचलून किंचित वळवले आणि ते देठासकट सुटून आले, तर ते तोडणीला आले असे समजावे. आतल्या बिया तपकिरी झालेल्या असाव्यात.

आता सुरी घ्यावी. एक फळ देठापासून थेट तळच्या डोळ्यापर्यंत उभे चिरावे आणि दुसरे मधोमध आडवे. डोळा म्हणजे फुलाच्या वाळलेल्या अवशेषांची जागा. त्याच्याभोवतीची हिरवी टोके मिटलेली आहेत की उघडी, हे चिरण्यापूर्वीच पाहून ठेवावे. उभ्या कापात डोळ्याखाली एक लहानशी पोकळी दिसते. ती काही जातींत शंकूसारखी तर काहींत नरसाळ्यासारखी असते, आणि तिच्या भिंतीवर वाळलेल्या पुंकेसरांचे अवशेष वर, मध्यावर किंवा तळाशी चिकटलेले असतात. भिंग असल्यास ते फार स्पष्ट दिसतात. आडव्या कापात बियांचे पाच कप्पे दिसतात. ते मध्याकडे उघडे आहेत की बंद, हे टिपून ठेवावे. कप्पे उघडे असले तर पिकलेले फळ कानाशी हलवल्यावर बिया खुळखुळतात. फळांच्या जाती वर्णन करणारे अभ्यासक या आतल्या खुणांना रंगापेक्षा अधिक वजन देतात, कारण उन्हापाण्याने त्या फारशा बदलत नाहीत. शेवटी वास पाहावा. ‘कॉक्सेस ऑरेंज पिपिन’ आणि ‘एलिसन्स ऑरेंज’ ही फळे दिसायला जवळची आहेत, पण पूर्ण पिकलेल्या एलिसन्समध्ये बडीशेपेसारखा स्वाद येतो, तो कॉक्समध्ये येत नाही.

आपल्या फळात पूर्ण भरलेल्या बिया किती निघतात, हे मात्र जरूर कळवावे.

प्रतिसाद

काका, मनःपूर्वक आभार.

आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला स्पष्ट फुगवटा आहे. फळाचा देठ आखूड आणि जाड आहे, आणि मधले फळ वगळूनही तो तसाच आहे. डोळ्याभोवती बोथट उंचवटे आहेत. बिया मोजक्याच निघाल्या आणि त्यातल्याही बऱ्याच पोचट होत्या. काढून ठेवलेल्या फळांची साल काही दिवसांनी तेलकट लागते. शिजवल्यावर फोडी राहत नाहीत, सगळा गर फुलून लगदा होतो.

उत्तर

ताई, हे वर्णन वाचून फार आनंद झाला.

पोचट बियांवरून झाड त्रिगुणित असावे असे वाटते. सफरचंदाच्या साधारण जातींत पेशीमध्ये गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे ३४ गुणसूत्रे असतात. त्रिगुणित जातींत तीन संच, म्हणजे ५१ असतात. तीन संचांची समान वाटणी होत नसल्याने त्यांचे पराग निकस निघतात आणि भरलेल्या बियाही थोड्याच धरतात. फळे आणि पाने मात्र मोठी असतात व झाड जोमाने वाढते. ‘ब्लेनहाइम ऑरेंज’, ‘ग्रॅव्हेन्स्टाइन’, ‘जोनागोल्ड’ आणि ‘ब्रॅमलीज सीडलिंग’ या सर्व त्रिगुणित जाती आहेत. यांपैकी ब्लेनहाइमचा डोळा रुंद उघडा आणि गर कोरडसर असतो, म्हणून तो येथे बसत नाही. चपटेपणा, तुटक रेघा, आखूड देठ, तीव्र आंबटपणा, तेलकट साल आणि शिजल्यावर फुलणारा गर हे सारे गुण एकत्र पाहता माझा कौल ब्रॅमलीकडे आहे. मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने १८०९ मध्ये इंग्लंडमधील साउथवेल येथे पेरलेल्या बीपासून ब्रॅमलीचे मूळ झाड वाढले, आणि जगभरातली ब्रॅमलीची झाडे त्या एका झाडाचीच कलमे आहेत. मात्र ‘न्यूटन वंडर’ ही जात दिसायला हिच्या फार जवळची आहे. ती त्रिगुणित नसल्याने आपल्या बियांचा पुरावा तिच्या विरुद्ध जातो, तरी फुलोऱ्याचाही एक हंगाम पाहूनच नाव पक्के करावे. फुलोऱ्याची तारीख परक्या प्रदेशातल्या तारखेशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. शेजारच्या ओळखीच्या जातीच्या आधी फुलले की नंतर, असे लिहून ठेवावे.

आणखी एका सभासदाची पुस्ती

सर्वांस नमस्कार.

खात्री हवी असल्यास पानांची डीएनए तपासणी करता येते. त्यासाठी वसंतातली कोवळी, निरोगी पाने द्यावी लागतात आणि ती नेमक्या त्याच फांदीची असावी लागतात, खालच्या फुटव्याची नव्हेत. हा नमुना संग्रहातील झाडांच्या नोंदींशी ताडला जातो. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या ब्रॉगडेल येथील राष्ट्रीय फळसंग्रहात सफरचंदाच्या दोन हजारांहून अधिक जाती जपलेल्या आहेत. या तपासणीला मर्यादाही आहेत. नोंदीत जी जात नाही तिचे नाव तपासणी सांगू शकत नाही, आणि एखाद्या फांदीत आपोआप बदल होऊन निपजलेला अधिक लाल प्रकार मूळ जातीपासून तपासणीला बहुधा वेगळा काढता येत नाही.

कलमासाठी मात्र नावाची वाट पाहू नये, कारण वाळणारे झाड तोवर थांबेलच असे नाही. झाड सुप्तावस्थेत असताना गेल्या हंगामातल्या वाढीच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या निरोगी काड्या काढाव्यात, ओलसर कागदात गुंडाळून शीतकपाटात ठेवाव्यात आणि खुंटाला नवी पालवी फुटू लागताच कलम बांधावे. शीतकपाटात शेजारी पिकलेली फळे ठेवू नयेत, कारण त्यांतून सुटणारा इथिलीन वायू काड्यांवरच्या अंकुरांना मारक ठरतो. झाड त्रिगुणितच निघाले तर त्याचे पराग दुसऱ्या झाडाच्या उपयोगी पडणार नाहीत. म्हणून नव्या कलमाजवळ एकाच वेळी फुलणाऱ्या आणखी दोन निराळ्या जाती असाव्यात, म्हणजे त्या दोघी परस्परांना आणि या झाडालाही पराग पुरवतील.