लॉक तोडणारा प्रत्येकच जण चोर असते का?

दारव्ह्याचा मास्तर: काल एकानं ठणकावून लिहिलं, "डिजिटल लॉक तोडणारा चोर, अन् कसं तोडायचं ते सांगणारा महाचोर, दोघांलेही आत टाका." वाचून चहा कडू झाला. डिजिटल लॉक म्हणजे पुस्तकाची, सिनेमाची नक्कल होऊ नये म्हणून कंपनी लावते ते. माझा लहान भाऊ जन्मापासून आंधळा. स्पर्धा परीक्षेचं ई-बुक घेतलं, ४५० रुपये भरून, फुकट नाही. बाकी सगळं फोन त्याले वाचून दाखवते, हे उघडलं तं फोन म्हणते "चित्र. पान दोन. चित्र." लॉकमुळं अक्षरच बाहेर येत नाही. कंपनीले तीन मेल केले, उत्तर काय तं "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे". शेवटी पुसदच्या एका पोरानं लॉक काढून दिलं, भाऊ रात्री दोनपर्यंत ऐकत बसला. आता सांगा, चोर कोण? अन् सांगणारा महाचोर कसा? १९९९ मध्ये नॉर्वेच्या पंधरा वर्षांच्या पोरानं डीव्हीडीचं लॉक उघडणारा प्रोग्राम लोकांपुढं ठेवला, खटला चालला, २००३ मध्ये निर्दोष सुटला. अमेरिकेत तं तो कोड लोकायनं टी-शर्टवर छापून घातला. शर्टावरची अक्षरं गुन्हा काऊन?

वडसाकर: मास्तर, भावाचं खरं आहे, पण त्याच्या आडून साऱ्यायले सूट देऊ नका. मी झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकायत, ऑर्गन वाजवतो. दिवाळी ते होळी सीझन, त्यावर वर्ष काढाचं. मागच्या साली मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, नाटकात पहिल्या रांगेतला एक जण पोराच्या खांद्यावर मोबाइल टेकवून रातभर शूटिंग करून राहिला होता, पोरगं झोपलं तरी याचा मोबाइल हलला नाही. चौथ्या दिवशी नाटक यूट्यूबवर. पुढच्या गावचा आयोजक म्हणते, "पोरायनं पाहून टाकलं, पाच हजार कमी करा." ते पाच हजार आमच्याच पाकिटातून कापले. तुमचं अभिव्यक्ती स्वातंत्र्य अन् माझं पोट.

बोंडअळी: तुह्या नाटकाले लॉक कुठी होतं बे? तुमची तं कनातच फाटकी राहते.

वडसाकर: फुकट पाहाले तूच फाडली असशील.

बोंडअळी: हाव, फाडली. ब्लेडनं, सहावीत असताना. आता दर साली घरच्या सात जणायचं खुर्चीचं तिकीट काढतो. त्या भोकातूनच गोडी लागली.

वडसाकर: भोकाचं कौतुक सांगून राहिला, लाज नाही वाटत? तुह्या कापसाच्या गंजीतून कोणी दोन गाठोडे नेले अन् म्हटलं "गोडी लागली", तं चालन का?

बोंडअळी: गाठोडं नेलं तं माझा कापूस कमी होते. मी भोकातून पाहिलं तं तुही नटी कमी झाली का?

वडसाकर: पाकीट कमी झालं ना बाप्पा!

आर्वीची वकीलबाई: कनातीवरून उतरा दोघंही. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं २०१२ च्या दुरुस्तीनं. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण हक्क मोडायच्या इराद्यानं लॉक तोडलं तरच. अंधांना वाचता येईल अशी प्रत करायची मुभा त्याच दुरुस्तीनं कलम ५२ मध्ये दिली, आणि २०१४ मध्ये अंधांना पुस्तकं मिळावी म्हणून झालेल्या मॅराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच. म्हणजे भाऊ चोर नाही. पण मास्तर, नॉर्वेचं अर्धंच सांगितलं तुम्ही. त्याच कोडवर अमेरिकेच्या कोर्टानं म्हटलं, कोड म्हणजे बोलणं हे मान्य, तरी तो कोड लोकांपुढं ठेवायची एका मासिकावरची बंदी कायम. आणि दुसऱ्याला लॉक काढून देणाऱ्यानं त्याचं नाव, पत्ता, कारण नोंदवून ठेवायचं असतं. ठेवलं का पुसदच्या पोरानं? वडसाकर, तुमचा मामला लॉकचा नाहीच, कलाकाराच्या हक्काचा आहे, कलम ३८. स्वतः पाहायला शूटिंग चालतं, यूट्यूबवर टाकणं नाही.

दारव्ह्याचा मास्तर: तो पोरगा उधारीची वही ठेवत नाही, हे काय ठेवते! बरं बाई, मासिकाचं मानलं. पण वडसाकर, ऐकलं ना? तुमचं नाटक लॉक न तोडताच गेलं.

वडसाकर: ऐकलं. तुमचा भाऊ सुटला, पेढे वाटा. फक्त येवढं सांगा, ते उघडलेलं पुस्तक पुढं किती जणायले पाठवलं?

दारव्ह्याचा मास्तर: दोघांले. एक आंधळाच आहे.

वडसाकर: अन् दुसरा?

दारव्ह्याचा मास्तर: दुसऱ्याले परीक्षा झाली की डिलीट कराले सांगतो.

वडसाकर: हाव, तो यूट्यूबवाला बी हेच म्हणे.