मदत हवी आहे: मानसोपचारतज्ज्ञांकडे पहिल्यांदाच जायचंय (सोलापूर)

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. दिवाळीपासून छातीत अचानक धडधड सुरू होते, तळहात एवढे घामेजतात की व्हाउचरचा कागद बोटांना चिकटतो. आत्ताच जातो की काय, असं वाटतं. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, ही अँग्झायटी आहे, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

आई म्हणते, सिद्धरामेश्वराला जाऊन ये. जातोच, पण औषधही हवंच ना!

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, ते गोळ्या देऊ शकतात आणि मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात, एवढं कळलंय. आधी कुणाकडे जावं? सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत कुणी दाखवलंय का? केसपेपरला किती वेळ जातो? जुळे सोलापूर किंवा सात रस्त्याकडे संध्याकाळी बसणारे, घाई न करता ऐकून घेणारे कुणी असतील तर सुचवा. पहिल्या भेटीत बायकोला सोबत नेलं तर चालतं का? गोळ्यांनी झोप येते म्हणतात. मला सकाळी गाडी चालवत कामावर जायचं असतं.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात. तिथं बोललेल्यांनी अनुभव सांगा. आणखी एक, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात विम्याची तरतूद आहे, पण ओपीडीचं बिल कुणाला मिळालंय का?

इथं लिहायला अवघड वाटत असेल तर मेसेज करा. ‘टेन्शन घेऊ नको’ एवढं मात्र सांगू नका, ते ऑफिसात रोज ऐकतो.