माकूळ रिंगणात, खेकडा गोलमध्ये: हा विनोद की नुसता आचरटपणा?

धागाकर्ता: मिनोरू कावासाकी या जपानी दिग्दर्शकाचा ‘द कॅलमारी रेसलर’ (२००४) पाहिला. विजेतेपद नुकतेच पटकावलेल्या कुस्तीगिराला माणसाएवढा माकूळ (स्क्विड) रिंगणात शिरून लोळवतो, पुढे तो माकूळ म्हणजे त्या विजेत्याच्या वाग्दत्त वधूचा पूर्वीचा प्रियकर निघतो, आणि मग ऑक्टोपसही रिंगणात उतरतो. कथा ऐकताना हसू येते, हे मान्य. पाहताना मात्र रबरी भुजा लोंबकळत राहतात, पंधराव्या मिनिटाला विनोद आटोपतो आणि चित्रपट तासाहून अधिक उरतो. याच दिग्दर्शकाने २००६ मध्ये खेकड्याला गोलरक्षक केले. प्राणी बदलावा, खेळ बदलावा, की नवा चित्रपट तयार!

प्रतिसाद १: साफ असहमत. माकूळ कुस्ती खेळतो यात विनोद नाहीच. त्यात कुणालाही काही वावगे वाटत नाही, यात तो आहे. विजेत्याच्या भूमिकेत अकिरा नोगामी हा खराखुरा व्यावसायिक कुस्तीगीर आहे आणि तो चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाही. रबराचे म्हणाल, तर १९५४ च्या फेब्रुवारीत रिकिदोझान या व्यावसायिक कुस्तीगिराच्या शार्प बंधू या परदेशी जोडीविरुद्धच्या लढतींनी जपानी प्रेक्षकांना दूरचित्रवाणीपुढे खिळवले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हारुओ नाकाजिमा हे अभिनेते अवजड पोशाखात शिरून पडद्यावरचा महाकाय राक्षस गोझिला झाले. दोन्हीकडे सोंग आहे हे ठाऊक असूनही ते मनापासून पाहायचे असते. कावासाकींनी ही दोन सोंगे एकाच रिंगणात आणली, इतकेच.

प्रतिसाद २: परंपरा आहे म्हणून ढिसाळपणा खपवून घ्यावा का? गोझिलाच्या पायाखाली चिमुकले शहर होते, म्हणून तो अजस्र वाटला. इथे भगभगीत उजेडात पोशाखाची प्रत्येक सुरकुती दिसते. शिवाय कुस्ती म्हणजे पकड. माकुळाच्या दहा भुजा आणि त्यांवरचे चोषक हाताशी असताना त्यातून एकही लक्षात राहील असा डाव निघत नाही, हे मला अक्षम्य वाटते.

प्रतिसाद ३: क्योतोच्या कोझान-जी मंदिराची ‘चोजू-गिगा’ ही बाराव्या-तेराव्या शतकांतील चित्रपट्टी आठवा. तीत बेडूक सशाशी सुमो खेळतो, त्याला उताणा पाडतो आणि आनंदाने तोंड वासतो. त्याच्या तोंडातून निघणाऱ्या श्वासाच्या रेषासुद्धा चित्रकाराने काढल्या आहेत. बघे बेडूक हसून लोळत आहेत. तेव्हा कल्पनेत नवे काही नाही. मात्र ते चित्र क्षणभर पाहायचे असते, हा मुद्दा धागाकर्त्यांच्याच बाजूने जातो, हेही नोंदवतो.

धागाकर्ता: बेडकाबद्दल आभार! खेकड्यापुरती मी माघार घेतो. ७.३२ मीटर रुंदीच्या गोलपुढे गोलरक्षकाला सतत आडवेच सरकावे लागते आणि खेकड्याला दुसरे काही येतच नाही. तिथे त्या प्राण्याच्या चालीतूनच खेळ निघाला आहे. माकुळाबाबत मात्र प्रतिसाद २ शी सहमत. त्याच्या जागी अस्वल असते, तरी लढती तशाच झाल्या असत्या.